आखणी

कागदावर मी व्रणोपचारक, गावात कंपाउंडर.
गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं झाली.
क्वार्टरच्या भिंतीला एक फळी ठोकलीय,
तिच्यावर सागाचे, सावरीचे, एक बाभळीचाही,
असे चाकांचे सत्तावीस बैल.
तान्हा पोळा सरला की लोक त्यांना माळ्यावर टाकतात,
चाक मोडलं की चुलीत.
मी मागून आणतो. हिंगणी, सेलू, केळझर.
कुणी हसतं, कुणी वर चहाही पाजतं.

फळीवर ते रांगेत राहत नाहीत.
मान सगळ्यांची सारखीच, सरळ;
मान वळवायच्या भानगडीत सुतार पडत नाही.
तो डोळा वळवतो.

केळझरच्या जोडीतला डावा घ्या.
बुबुळ पार मागच्या कोपऱ्यात.
भिंतीला टेकवला तर वाटतं
भिंतीआड कुणीतरी तुतारी उगारून उभं आहे.
म्हणून तो टोकाला, तिरपा,
मागे हातभर जागा सोडून.

एकाचे दोन्ही डोळे पुढं, माणसासारखे.
बैलाचं तसं नसतं, मला विचारा.
खरा बैल तुमच्याकडे एकाच डोळ्यानं बघतो,
दुसरा डोळा वावरात असतो.
हा मात्र रोखतो, उधारी मागायला आल्यासारखा.
त्याचं तोंड खिडकीकडे केलंय.
बघ बाबा रस्ता.

आणि एकाच्या पापणीवर जाड काळी रेघ.
तेवढ्यानं तो इतका दमलेला दिसायचा
की चाकं काढून मी त्याला खाली बसवला.
पुढं कधीतरी कळलं,
रंग ओघळला होता.

झडशीच्या पंचफुलाबाई डोळे सगळ्यात शेवटी आखायच्या.
शिंगं, शेपटी, चाकं, झूल, मग डोळे.
"डोये आखले का मंग खिळा ठोकवत नाही," म्हणायच्या.
शेवटचा बैल त्यांनी कोराच हातात दिला.
"आता माह्याच डोयात फूल पडलं, भाऊ. तुम्हीच आखा."

माझा हात टाके घालणारा.
लाथ झाडणाऱ्या गाईलाही सरळ टाका घातलाय.
उजवा डोळा जमला.
डाव्याला बुबुळ वर सरकलं,
खाली पांढऱ्याची कोर राहिली.
डोळ्याचं पांढरं दिसलं की आपण मागं व्हायचं,
हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात.
जनावर भ्यालेलं असतं.

मग त्याची डावी बाजू भिंतीकडे.
वर्षभर तो एका डोळ्याचाच बैल होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिपायाची नात आली, उन्नती.
"मले बैल पाह्यजे."
सगळी फळी सोडून तिनं तोच उचलला,
फिरवून पाहिला.
"हा कोनाकडे पाह्यते?"
भ्यालाय तो, मी म्हणालो, दुसरा घे.
तिनं ऐकलं नाही.

शाळेपुढं आंब्याच्या पानांचं तोरण.
तोरणाखाली पोट्ट्यांचे बैल, बेगडाच्या माळा घातलेले,
मधोमध पाटलांचा कमरेएवढा, पितळी घुंगरांचा.
उन्नतीनं आपला वीतभर बैल त्याच्या उजव्या अंगाला लावला,
डावी बाजू त्याच्याकडे करून.
मी म्हणणारच होतो, अगं फिरव त्याला,
तेवढ्यात पाहिलं,
वर सरकलेलं बुबुळ नेमकं मोठ्याच्या तोंडाशी.
"लहान हाय ना तो," ती म्हणाली,
"म्हनून वरतं पाह्यते."

संध्याकाळी घरोघर बोजारा मागून
तिनं बैल आणून दिला.
शिंगाला दहाची नोट, रबरानं गुंडाळलेली.
ती काढायची विसरली, की ठेवली,
विचारायचं राहून गेलं.

फळीवर त्याच्याहून उंच कुणी नाही.
म्हणून आता तो खाली असतो, फरशीवर,
माझ्या खुर्चीच्या उजव्या पायाशी.
दवाखान्यातून आलो की
बूट काढायच्या आधी सवयीनं पाठ टाकतो,
आणि लगेच
नीट बसावं लागतं.